न पाहिलेल्या कामावर मी सही करणार नाही

प्रति,
राज्यातल्या एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांची मान्यता, तपासणी आणि परीक्षा ज्यांच्या हातात आहे ते सर्व अधिकारी, तसेच नर्सिंग संस्थांचे चालक व प्राचार्य

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात एका नर्सिंग संस्थेच्या कारकुनाने माझ्या टेबलावर २२ लॉगबुकं आणून ठेवली, म्हणजे विद्यार्थिनींनी केलेल्या कामांच्या नोंदवह्या. दुसऱ्या वर्षाची. कॅथेटर (लघवीची नळी) घातले इतके, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकल्या इतक्या, प्रसूती पाहिल्या इतक्या, केल्या इतक्या. सगळे रकाने तारखांसकट भरलेले. मोकळा होता तो एकच, पर्यवेक्षकाच्या सहीचा. मी पानं उलटली. २२ वह्या आणि हस्ताक्षरं मोजून तीन. एका तारखेला तर एकाच वॉर्डात ११ जणींनी ११ कॅथेटर घातले होते. त्या दिवशी त्या वॉर्डात मी होते. कॅथेटर लावलेला पेशंट एकच होता, आणि त्यालाही तो आदल्या रात्री कॅज्युअल्टीतच घातलेला होता.

"मॅडम, फॉर्मॅलिटी आहे हो," कारकून म्हणाला. "परवा इन्स्पेक्शन आहे."

मी सही केली नाही. संध्याकाळी फोन आला. मुलींचं वर्ष वाया जाईल, तुमच्यामुळे जाईल, असं ऐकवण्यात आलं. वर्ष वाया जाऊ नये असं मलाही वाटतं, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण नोकरीत असताना 'योग्य मार्गाने' पाठवलेली पत्रं कुठे जातात ते मी पाहिलेलं आहे.

माझ्याबद्दल थोडक्यात. ३३ वर्षं सरकारी रुग्णालयांत होते. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. मेल मेडिकल, लेबर रूम, बालरोग, कॅज्युअल्टी, सगळीकडे रात्री काढल्या. आता आठवड्यातले तीन दिवस विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवायला जाते. (त्यांत मुलगेही असतात, त्यांना आम्ही ब्रदर म्हणतो. पण बहुतेक मुलीच, म्हणून इथे मुलीच लिहिते.) या मुलींबद्दल माझी तक्रार नाही. कुणाच्या वडिलांनी दावणीची म्हैस विकून फी भरली आहे, कुणी सकाळी साडेपाचची एसटी धरून सातच्या ड्युटीला पोचते. त्या शिकायला येतात. आपण त्यांना भरलेला रकाना देतो.

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. जी जड आहे तिच्यावर मी जास्त बोलेन.

सगळ्यांत जड हीच, की आपण मोजायला शिकवत नाही. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वास यांचा कागद, उघडा. नाडी ७२, ८०, ८४ अशी थोडी तरी हलते. श्वास मात्र सगळ्यांचा २०. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या आजोबांचा २०, हर्नियाचं ऑपरेशन होऊन घरी निघालेल्या तरुणाचाही २०. एकदा पूर्ण बेशुद्ध पेशंटच्या कागदावर मी २० वाचला. त्याला व्हेंटिलेटर मिनिटाला १४ श्वास देत होता, आकडा समोर पडद्यावर दिसत होता!

माणूस आतून बिघडायला लागला की जे आधी बदलतं त्यात श्वास असतो. बीपी पडायच्या कितीतरी आधी तो वाढतो. मोजायला यंत्र लागत नाही, काट्याचं घड्याळ पुरतं. पूर्ण एक मिनिट छातीकडे नजर ठेवायची, आणि तीही पेशंटला कळू न देता, नाडी धरल्याचं सोंग करत. कारण कळलं की तो श्वास सांभाळून घ्यायला लागतो. हे सगळं पुस्तकात आहे, मुलींना पाठही आहे. पण शेजारी उभं राहून "तू मोज, मीही मोजते, बघू दोघींचं जुळतं का" असं म्हणणारं कुणी त्यांना भेटलेलं नसतं.

याची किंमत कुठे मोजावी लागते ते सांगते. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. पुढचा प्रत्येक डोस टोचण्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, गेल्या चार तासांत लघवी निदान १०० मिली झाली का, आणि श्वास मिनिटाला १६ च्या खाली गेलेला नाही ना. औषध अंगात साठलं तर आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स जातो, मग श्वास थांबतो. उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिली, शिरेतून सावकाश. तो ट्रेमध्ये आधीच काढून ठेवलेला हवा. जिने दोन वर्षं न मोजता २० लिहिलं, ती त्या रात्री काय लिहील? २० च लिहील.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल (बाटल्या) दोन ताकदीच्या मिळतात, मिलीला ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजही दोन, ४० ला लाल टोपी आणि १०० ला नारिंगी. एका रुग्णालयात नातेवाइकांनी बाहेरून १०० ची व्हायल आणून दिली. वॉर्डात लाल टोपीच्या सिरिंज होत्या. मुलीने २० च्या रेघेपर्यंत ओढलं आणि दिलं. लाल सिरिंजवर २० म्हणजे अर्धा मिली, आणि त्या व्हायलमधला अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. रात्री काकूंना दरदरून घाम सुटला. लेकाला वाटलं उकडतंय, तो वर्तमानपत्राने वारा घालत बसला. साखर तपासली तर ३८. २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, काकू शुद्धीवर आल्या, वाचल्या. मुलगी कोपऱ्यात उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, "मॅडम, मी वीसच ओढलं होतं." खोटं नव्हती बोलत ती. तिच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. दोन टोप्यांमधला फरक तिला कुणी हातात देऊन दाखवला होता का, याचा खुलासा कुणाकडूनच मागवला गेला नाही.

सलाइनच्या थेंबांवर फार लिहीत नाही. ५०० मिली ८ तासांत द्यायचं, सेट (सलाइनची नळी) मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला साधारण २१ थेंब. शाळेतलं गणित आहे. मी सात जणींना विचारलं. पाच जणींनी सलाइनचं चाक अंदाजाने फिरवून दाखवलं, एकीने बरोबर सांगितलं, आणि एकीने मलाच विचारलं, "सेट कुठला आहे मॅडम? मायक्रो असेल तर मिलीला ६० थेंब होतील." तिला मी कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला.

दुसरी तक्रार भाषेची. पुस्तकं इंग्रजीत आणि पेशंट मराठीत, यात नवं काही नाही. पण पेशंटची मराठी हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे हे आपल्या कुणाच्या ध्यानात येत नाही. "जीव घाबरा होतोय" म्हणजे काय? हार्ट अटॅक असू शकतो, साखर उतरलेली असू शकते, ऑपरेशननंतर पोटात रक्तस्राव होत असू शकतो, आणि खरोखरच नुसती भीतीही असू शकते. वॉर्डातली मुलगी "घाबरू नका आजी" म्हणून पुढे जाते, तेव्हा यांतली पहिली तीन कारणं मागे राहून जातात. "अंगावरून जातंय" असं बाळंतीण सांगते तेव्हा पुढचा प्रश्न असतो, किती? कापड किती वेळा बदललं? ते भिजून गेलं का? गाठी पडल्या का? मग बेंबीखाली हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल ते बघायचं. "बाळ आज गुणी आहे, रडतच नाही" असं आजी कौतुकाने सांगते. जिला शिकवलंय ती बाळाला आधी हात लावते. अंग गार आहे का, अंगावर दूध ओढतंय का, बघते. न रडणारं, दूध न ओढणारं तान्हं बाळ हे कौतुकाचं काम नव्हे, धोक्याची खूण आहे. आणि मेळघाटात किंवा नंदुरबारला हेच सगळं कोरकूत किंवा भिलीत ऐकावं लागतं. त्याची तयारी कोण करून घेतं?

दारात येणारे आजारही असेच. विदर्भात सिकलसेलच्या वेदनेने तळमळणारं पोर "नाटक करतंय" असं ठरवलं जातं. फवारणीतून होणाऱ्या विषबाधेने २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा पेशंटला अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध चालू असताना छातीतला घरघर आवाज, नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या वारंवार बघून लिहायच्या असतात, आणि त्यावर पुढचा डोस ठरतो. डॉक्टर एक आणि पेशंट अनेक असताना हे बघायला रात्रभर कोण असतं? आम्हीच असतो.

आता मण्यारीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला काय हवंय ते कळायचं नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याशी एका ग्रामीण रुग्णालयात मी तेव्हा होते. पावसाळ्याचे दिवस, पहाटे चारची वेळ. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, पोटात दुखतंय, दोन उलट्या. पोट मऊ होतं, ताप नव्हता. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन त्याला निरीक्षणाखाली ठेवलं. मी रजिस्टर लिहीत होते. पाचच्या सुमारास रात्रपाळीची विद्यार्थिनी आली आणि म्हणाली, "सिस्टर, तो पोरगा माझ्याकडे हनुवटी वर करून बघतोय."

मी पेन ठेवलं. जाऊन बघितलं. पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या खालून बघता यावं म्हणून तो डोकं मागे टाकत होता. झोपला कुठे होतास विचारलं, तर जमिनीवर. अंगावर दातांच्या खुणा कुठेच दिसत नव्हत्या, पण मण्यारीच्या त्या दिसतातच असं नाही. दुखतही नाही. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला ती चावते आणि पहाटे तो पोटदुखी घेऊन येतो. डॉक्टरांना उठवलं. मुलाला एका श्वासात आकडे म्हणायला लावले, तर सतरापर्यंत गेला. पुढच्या खेपेला अकरा. सर्पदंशाच्या लसीच्या दहा व्हायल सुरू केल्या, लसीची रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रिनलिन भरून बाजूला ठेवलं. १०८ मध्ये त्याचा श्वास उथळ होत गेला आणि त्या विद्यार्थिनीने आणि मी आळीपाळीने अँबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत जिल्हा रुग्णालय गाठलं. तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. नवव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला.

मी तिला विचारलं, तुला मण्यार माहीत होती का? नव्हती माहीत. मग कशी काय दिसली हनुवटी? ती म्हणाली, पहिल्या वर्षाला एक म्हाताऱ्या पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगच्या शिक्षिका, होत्या. त्या वॉर्डात एकेकीला एकेका पेशंटजवळ तासभर बसवायच्या. वही नाही, पेन नाही. तास झाला की विचारायच्या, सुरुवातीला होता तसाच आहे का? काय बदललं? "आम्हाला वाटायचं बाईंना दुसरं काम नाही."

एवढंच माझं म्हणणं आहे. या पत्रातलं बाकी सगळं याच्या पोटात येतं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या ठिकाणी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तोही पेशंटजवळ बसून, पुन्हा पुन्हा बघून. एएनएमच्या मुलीने शोध लावावा असं कुणी म्हणत नाही. पण 'मघाशी असा होता, आता असा आहे' हे तिला दिसलं पाहिजे. ते स्किल लॅबच्या पुतळ्यावर शिकता येत नाही, कारण पुतळा तासाभराने तसाच असतो.

आणि त्या तासाला आज जागा कुठे आहे? एका खाटेभोवती १५-१५ मुली उभ्या असतात. मागच्या दहा जणींना पेशंटचे पाय दिसतात. एका शिक्षकामागे दहा विद्यार्थी हे प्रमाण कागदावर आहे. वॉर्डात मात्र शिक्षक हजेरी घेऊन परत जातात. काहींनी पेशंटला हात लावून वर्षं झालीत, त्यामुळे त्यांनाही थांबायची भीती वाटते. मग मुली वॉर्डाच्या ताब्यात जातात आणि रिपोर्ट आण, रक्तपेढीत जा, ट्रॉली ढकल, चार्टवर आकडे उतर, यात दिवस संपतो. इथे मी वॉर्डातल्या माझ्या सहकाऱ्यांना दोष देणार नाही. ३० खाटांच्या वॉर्डात ५० पेशंट, खाली गाद्या, आणि पाळीला दोन सिस्टर. त्यांच्या हाती फुकटचे चार हात लागले तर त्या वापरणारच. मीही वापरलेत.

प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल तर काय बोलावं! पेशंट आधी ठरवलेला, बरा झालेला, समजूतदार. मार्क कशाला, तर ट्रे कसा मांडला. किडनी ट्रे डावीकडे की उजवीकडे यावर एका बाह्य परीक्षकांनी दहा मिनिटं घालवलेली मी पाहिली आहेत. तेवढ्या वेळात शेजारच्या खाटेवरचं सलाइन संपून नळीत रक्त चढलं. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, परीक्षकांच्याही नाही.

ज्या कामांना 'बेसिक' म्हणून पहिल्या वर्षातच गुंडाळतात, त्यांबद्दल एक आठवण करून देते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्याच सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयासमोर २०११ मध्ये प्रकरण होतं तेव्हा, इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झालेला नाही, हे नोंदवलं गेलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीची सुरकुती काढणं, माकडहाडावरची त्वचा रोज बघणं. या कामांना आपल्या लॉगबुकात एक ओळ आहे.

सुई टोचण्याची भीती वेगळीच. मुलींना सुई टोचते आणि त्या लपवतात, कारण सांगितलं की ओरडा बसतो. लगेच साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, ताबडतोब सांगायचं, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते जितक्या लवकर तितकं चांगलं आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना सांगते तेव्हा त्या वहीत लिहून घेतात. म्हणजे पहिलं वर्ष त्यांनी या माहितीवाचून काढलं! हिपॅटायटिस बी ची लस किती जणींची पूर्ण झाली आहे, हे कुठल्याही वर्गात उभं राहून विचारून बघा.

तर माझ्या मागण्या.

लॉगबुकावर सही त्याच व्यक्तीची असावी जिने ते काम होताना पाहिलं, आणि ती त्याच दिवशी व्हावी. कामांची संख्या निम्मी केली तरी चालेल. तपासणीला येणाऱ्यांनी लॉगबुकातली कुठलीही एक तारीख उचलावी आणि त्या वॉर्डाच्या रजिस्टरशी ताडून बघावी. पंधरा मिनिटांचं काम आहे.

श्वास, नाडी, बीपी, लघवीचं माप, सलाइनचे थेंब आणि इन्सुलिनची सिरिंज, यांची पेशंटच्या खाटेशी चाचणी घ्यावी. ती पास झाल्याशिवाय कुठल्याही विद्यार्थिनीच्या हातात इंजेक्शन देऊ नये. नापास झाली तर पुन्हा शिकवावं, फी न घेता.

पाठ्यनिर्देशिकांनी आठवड्यातून किमान दोन दिवस वॉर्डात प्रत्यक्ष पेशंट सांभाळावेत. ज्या वॉर्ड सिस्टर शिकवतात त्यांना त्याचा वेगळा वेळ आणि मानधन द्यावं, आणि एका वेळी वॉर्डात किती विद्यार्थी असतील याचा आकडा दारावर लावावा.

परीक्षेत अनोळखी पेशंट द्यावा. पंधरा मिनिटं बघू द्यावं, मग पुढच्या पाळीच्या सिस्टरला 'ओव्हर', म्हणजे पेशंटची माहिती, द्यायला लावावं, मराठीत. काय बदललं, काय बघत राहायचं, डॉक्टरांना कधी बोलवायचं. ट्रेचे मार्क त्यातून कमी करा.

वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस सुरू झालेली असावी आणि सुई टोचली तर कुणाला सांगायचं त्या व्यक्तीचा नंबर प्रत्येकीकडे असावा. चूक स्वतःहून सांगणाऱ्या विद्यार्थिनीवर कारवाई होणार नाही, असं लेखी द्या. नाहीतर चुका होत राहतील आणि फक्त लपवण्यात मुली तरबेज होतील.

आणि मान्यता देताना खाटा मोजू नका, खाटांवरचे पेशंट मोजा. न कळवता या.

"नियम बदलायला वेळ लागतो" हे उत्तर मला देऊ नये. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. नियम नव्याने लिहायचे दिवस हेच आहेत. आणि वरच्यातल्या निम्म्या गोष्टींना नवा नियम लागतच नाही.

त्या २२ लॉगबुकांवर नंतर कुणीतरी सही केली असावी, कारण इन्स्पेक्शन सुरळीत पार पडल्याचं कळलं. पुढच्या मंगळवारी त्याच वर्गातल्या चौघी ड्युटी संपल्यावर थांबल्या. प्रत्येकीच्या हातात कोरी दोनशे पानी वही होती, आणि एकीने काट्याचं घड्याळ आणलं होतं, आजोबांचं. मी जे पाहीन त्यावरच सही करेन, असं ठरलं. आता त्या सात जणी झाल्या आहेत. आजपर्यंत माझ्या नऊ सह्या झाल्यात. नऊही श्वास मोजल्याच्या.

आपली,
एक निवृत्त परिसेविका